मोजून घातलेले टाके

विरा रोयिक हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नाही. युक्रेनच्या पोल्तावा भागातल्या लुब्नी गावी २५ एप्रिल १९११ ला त्यांचा जन्म झाला. ३ ऑक्टोबर २०१० ला क्रिमियातल्या सिम्फेरोपोलमध्ये त्या गेल्या. या दोन तारखांच्या मधलं जवळजवळ सगळं आयुष्य त्यांनी भरतकामाला दिलं. माझा भाचा सिम्फेरोपोलला डॉक्टरकी शिकायला होता, तेव्हा आपल्याकडची बरीच मुलं तिथे असत. त्याच्याकडून मला हे नाव कळलं. मी बेळगावची. धारवाडी कसुतीचं भरतकाम शिकले आणि आता शिकवते. ओळखीचा टाका तिकडेही दिसला म्हणून कुतूहलानं बघायला गेले, आणि गेली कित्येक वर्षं या बाईंच्या मागे मागेच चालले आहे. चालता चालता जे उमगलं ते लिहून ठेवते.

१.
हात विसरतो, तसा परत शिकतोही. दुसऱ्या महायुद्धात रोयिकबाई जखमी झाल्या आणि त्यांचा उजवा हात अधू झाला. भरतकाम करणाऱ्या बाईचा उजवा हात! त्यांना पहिले टाके आईनंच शिकवले होते, आणि आईच्याच आधारानं, सुईदोरा हातात घेऊनच, त्यांनी तो हात पुन्हा कामाला लावला. ही हकिगत मी अनेकदा वाचली होती. थोर माणसांच्या चरित्रात असं काही असतंच, म्हणून वाचून पुढे जात होते.

मग माझ्या वर्गात एक काकू येऊ लागल्या. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, उजव्या हाताची चिमूट जमत नव्हती. मी त्यांना मॅटीचं जाड कापड, लोकरीची बोथट सुई आणि लाल लोकर दिली. फुलीच्या टाक्यात काय काय असतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अंगठा आणि तर्जनी सुई धरतात, मधलं बोट मागून रेटा देतं, करंगळी दोरा बाजूला सारते. डावा हात कापडाखाली थांबून सुईचं टोक कुठे येतंय याचा अंदाज घेतो. आपण या सगळ्याला ‘एक टाका’ म्हणतो. काकूंना त्यातली एकेक हालचाल वेगळी कमवावी लागली. पहिली फुली पुरी व्हायला सबंध दुपार गेली. आज त्या तुळशीवृंदावन भरतात. त्यांच्या फुल्या कुठे घट्ट, कुठे सैल असतात, कारण दोरा ओढताना हाताला ताण सारखा धरता येत नाही. मला त्या फुल्या फार आवडतात. पण रोयिकबाईंच्या कामाचे फोटो भिंगाखाली धरले की तिथला ताण इथून तिथपर्यंत सारखा दिसतो. त्या सारखेपणामागे काय असेल, हे मला चरित्रातून कळलं नव्हतं, काकूंच्या शेजारी बसल्यावर कळलं.

२.
डोळ्यांना दिसत नाही तेही हाताला भरता येतं. कसुतीत गाठ मारायची नाही, हा पहिला धडा. गवंती या टाक्यात जाताना एक टाका वर, एक खाली. परत येताना मोकळ्या जागा भरत यायचं. साडी उलटी करून पाहिली तरी नक्षी तीच. असाच दुहेरी धावदोरा युक्रेनमध्येही आहे, त्यामुळे मला घरी आल्यासारखं वाटलं. पुढे निझ नावाचा प्रकार समोर आला आणि घर सुटलं.

निझ कापडाच्या उलट्या बाजूनं भरतात. विणकराचा धोटा जावा तशी सुई नक्षीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीनं जाते. इथे एक धागा उचल, तिथे तीन सोड, पुढे पाच उचल. ओळ संपली की एक धागा वर सरकायचं आणि उलट दिशेनं परत यायचं. समोर जे दिसतं ती नक्षी नसतेच. नक्षी सुलट बाजूला उमटत असते, आणि तीसुद्धा एका वेळी एका धाग्याच्या जाडीएवढी. अख्खा चौकोन, त्यातली चांदणी, चांदणीच्या पोटातली फुली, हे सगळं भरणारीनं मनात धरायचं आणि त्याचे काप करून ओळीओळीनं खाली उतरवायचे. पोडिलिया भागातल्या बायका सदऱ्याच्या बाहीवर, खांद्याच्या जरा खाली येणाऱ्या पट्टीवर, असं काम करत. त्यातल्या कितीतरी जणींना अक्षर ओळखता येत नव्हतं. मी शाळेत गणितात बरी होते, पण बुद्धी कशाला म्हणायचं याची माझी कल्पना निझ भरताना बदलली. कसुतीत आमच्या आज्या मुरगी टाक्याच्या पायऱ्या चढवत, गोपुराचे मजले मोजत. त्यांनाही आम्ही ‘हौस आहे’ एवढंच म्हणून बाजूला बसवलं होतं.

३.
रंग नसला की उजेड भरावा लागतो. मी वाढले ती काळ्या चंद्रकळेवर लाल, हिरवं, केशरी रेशीम बघत. कशिदा म्हणजे रंग, हे मनात पक्कं. रोयिकबाई ज्या मातीतल्या, तिथली खासियत मात्र पांढऱ्यावर पांढरं. पोल्तावा भागातलं रेशेतिलिवका हे गाव तर त्यासाठी नावाजलेलं आहे. लिननचं पांढरं कापड, त्यावर पांढराच दोरा, फार तर राखाडी किंवा फिकट निळ्याची एखादी रेघ. ‘लिश्त्वा’ नावाचा भरीव टाका तिथे धागे मोजून घालतात. एका पाकळीत टाके उभे, शेजारच्या पाकळीत आडवे. दोरा एकच, पण प्रकाश पडला की उभे टाके उजळतात आणि आडवे मावळतात. मान जराशी वळवली की उलट होतं. जोडीला कापकाम असतं. छोट्या चौकोनाच्या कडा भरीव टाक्यांनी बांधून घ्यायच्या, मग आतले धागे कापून काढायचे. तिथून पलीकडचं दिसतं. म्हणजे चमक, सावली आणि आरपार भोक, एवढ्याच साहित्यात अख्खी बाही. फोटोत ते सपाट दिसतं. मी स्वतः एक तुकडा भरला तो आमच्या पूर्वेच्या खिडकीत, सकाळच्या तिरप्या उन्हात. दुपारी ऊन डोक्यावर आलं की नक्षी दिसेनाशी व्हायची आणि काम थांबवावं लागायचं.

४.
‘पूर्वापार’ म्हणतात त्यातलं बरंच काही साबणाच्या वेष्टणातून आलेलं असू शकतं. युक्रेनी भरतकाम म्हटलं की लाल-काळ्या फुल्यांचे गुलाब डोळ्यांपुढे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोचा ब्रोकार हा साबण-अत्तराचा कारखाना आपल्या मालाबरोबर फुलीच्या टाक्याचे छापील नमुने वाटत असे. स्वस्त साबण खेडोपाडी गेला, त्याबरोबर गुलाब गेले. फुलीचा टाका शिकायला सोपा, नमुना फुकट, रंग भडक आणि टिकाऊ. पाहता पाहता गावोगावचे अवघड जुने टाके मागे पडले. लेस्या उक्राइंका या कवयित्रीच्या आई ओलेना प्चिल्का यांनी १८७६ मध्येच कीवमधून युक्रेनी लोकनक्षीचा संग्रह छापला होता. आज तो उघडला की त्यातलं बरंचसं काम भौमितिक दिसतं. ‘अस्सल युक्रेनी’ म्हणून डोळ्यांपुढे येणारे गुलाब तिथे शोधावे लागतात.

हे कळल्यावर मी आधी खट्टू झाले. पण आपल्या घरांतल्या भिंती आठवून पाहा. चौकटीतला पोपट, हंसाची जोडी, ‘सुस्वागतम्’. त्यातले कितीतरी नमुने परदेशी दोऱ्यांच्या कंपन्यांनी काढलेल्या पुस्तकांतले. माझ्या आत्यानं भरलेल्या त्या हंसांना नकली म्हणायला माझी जीभ वळत नाही. दिवसभराच्या रगाड्यातून तिनं काढलेला वेळ त्यात आहे. त्या युक्रेनी बायकांनीही गुलाब हौसेनं निवडले, आपापल्या गावचं वळण त्यांना दिलं. मला दुःख आहे ते मागे पडलेल्या टाक्यांचं. ज्या टाक्याला हात उरला नाही, तो फोटोवरून पुन्हा उभा करणं किती कठीण जातं, हे मी रोज बघते.

५.
भुकेपुढे कशिद्याला फक्त विक्रीची किंमत उरते. १९३२-३३ मध्ये स्तालिनच्या राजवटीनं शेतकऱ्यांकडून धान्य ओरबाडून नेलं आणि युक्रेनमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. पोल्तावा भागात हाहाकार होता. बायकांनी लग्नातले सदरे, आईच्या हातचे रुश्निक पाठीवर बांधून दूरवर नेले आणि मूठभर पिठासाठी दिले. रुश्निक म्हणजे भरलेला लांब पंचा. देवाच्या तसबिरीवर तो असतो, पाहुण्यापुढे भाकर-मीठ त्यावर ठेवतात, नवरानवरी लग्नात त्यावर उभी राहतात. तो पिठासाठी गेला. रोयिकबाई तेव्हा एकवीस-बावीस वर्षांच्या होत्या. नंतर १९३६ मध्ये त्याच राजवटीनं कीवमध्ये युक्रेनी लोककलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. या दोन गोष्टींच्या मधे मी पुष्कळदा अडखळते आणि पुढे काही लिहवत नाही.

६.
टाके घालणारीचं नाव सहसा राहत नाही. युक्रेनमधल्या वेर्बिवका गावात नतालिया दाविदोवा या बाईंनी भरतकामाचा कारखाना उभा केला होता. १९१५ च्या अखेरीस मॉस्कोत एक प्रदर्शन भरलं. त्यात चित्रकार मालेविचच्या चौकोन-त्रिकोणांच्या आकृत्या उश्यांवर आणि पट्ट्यांवर भरायचे नमुने म्हणून मांडल्या होत्या. त्याचा तो प्रसिद्ध काळा चौकोन लोकांसमोर यायच्या थोडं आधीची ही गोष्ट. चित्रकलेच्या इतिहासाला कलाटणी देणारे आकार कॅनव्हासवरून गाजायच्या आधी गावातल्या बायकांच्या सुईखाली आले होते. मालेविचवर कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. ते आकार कापडावर उतरवणाऱ्या बायका मात्र बहुतेक ठिकाणी ‘वेर्बिवकाच्या शेतकरी स्त्रिया’ एवढ्याच. म्हणून २००६ मध्ये विरा रोयिक यांना ‘युक्रेनचा वीर’ हा त्या देशाचा सर्वोच्च किताब मिळाला, याचं मला एवढं अप्रूप वाटतं. रणांगणावरच्या माणसांनाही मिळणारा तो मान पंचाण्णव वर्षांच्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंना मिळाला.

७.
परंपरा आपोआप वाहत येत नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात आतवर गेलं.

रोयिकबाईंना तीनशेच्या घरात टाके येत होते, असं तिकडचे जाणकार सांगतात. हा आकडा वाचून मी आधी नुसती थक्क झाले. मग शंका आली. जुन्या काळातल्या खेड्यातल्या कुठल्या बाईला तीनशे टाके येत असतील? तिला लागतच नव्हते. तिला आपल्या गावचे पाच-दहा येत, आणि तेवढ्यात तिचं आयुष्य सुखानं निघत असे. पोलिस्यात लाल रंगाचा जोर, बोर्शचिवच्या सदऱ्यांवर बाहीभर काळी लोकर, पोल्तावात पांढरं, कार्पाथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांत बारीक भौमितिक नक्षी. सदरा पाहून बाई कुठली ते सांगता यावं, इतकं ते गावाला चिकटलेलं होतं. म्हणजे एका माणसाला तीनशे टाके येणं हे परंपरेच्या सुबत्तेचं लक्षण म्हणता येणार नाही. गावं मोडली, माणसं विखुरली, त्यानंतरची ही गरज आहे. जे हजार हातांत वाटलेलं होतं ते कुणीतरी एका हातात गोळा करावं लागलं. रोयिकबाईंनी ते केलं. शिकून, विचारून, जुने कपडे बघून, मोजून.

आणि हे त्यांनी कुठे बसून केलं, तर सिम्फेरोपोलमध्ये. १९५२ मध्ये त्या क्रिमियात राहायला गेल्या. क्रिमिया तेव्हा सोविएत संघातल्या रशियाचा भाग होता, १९५४ मध्ये तो युक्रेनला जोडला गेला. तिथल्या मूळच्या तातार लोकांना १९४४ च्या मे महिन्यात मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हाकलून दिलेलं होतं. अशा उखडलेल्या भूमीत, आपल्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर, भोवती बहुतांश रशियन बोलणारी माणसं असताना, या बाई पोल्तावाचे टाके भरत आणि शिकवत राहिल्या. लुब्नीत राहिल्या असत्या तर त्यांना एवढं जपावंसं वाटलं असतं का, हा प्रश्न मला पडतो. मी बेळगावात मराठीत कसुती शिकवते, वर्गातल्या निम्म्या मुली कन्नड बोलतात. सीमेवर राहणाऱ्या माणसाला आपल्या हातातल्या गोष्टीचं भान जरा जास्त असतं, असा माझा अनुभव आहे.

त्यांनी आयुष्यभरात शंभराहून अधिक स्वतंत्र प्रदर्शनं भरवली. पण माझ्या लेखी त्यांचं खरं काम शिकवण्याचं. शिकवायला बसलं की हाताला येणारी गोष्ट तोंडाला यावी लागते. ‘असं कर गं’ म्हणून भागत नाही. दोन धागे सोड, तिसऱ्यावर चढ, दोरा डावीकडे ठेव, असं फोडून सांगावं लागतं. माझ्या आजीला हे सांगता येत नसे. ती माझा हात धरून टाका घालून दाखवायची. त्यामुळे तिचे काही टाके तिच्याबरोबर गेले. तिला कसुतीतली नेयगी फार सुबक यायची. तिची एक खणाची चोळी माझ्याकडे आहे, तिच्यावरून मोजून मोजून मी काही नमुने कागदावर उतरवले आहेत. चौकटीचा कागद, पेन्सिल, भिंग. या कामाला कुणी कला म्हणणार नाही. पण उद्या कुणाला आजीची नेयगी शिकायची असेल, तर तिला हेच कागद लागतील.

८.
कपड्याला कधी कुठला अर्थ येईल ते भरणारीला ठाऊक नसतं. ज्या २००६ मध्ये रोयिकबाईंना किताब मिळाला, त्याच वर्षी चेर्निव्त्सी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की एक दिवस सगळ्यांनी भरलेला सदरा, विशिवान्का, घालून यायचं. आज मे महिन्यातला तिसरा गुरुवार जगभरचे युक्रेनी लोक पाळतात. तेव्हा तो पोरांचा हौसेचा दिवस होता. २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया बळकावला, २०२२ मध्ये सगळ्या देशावर हल्ला केला, आणि आता तोच सदरा घालणं म्हणजे ‘आम्ही आहोत’ असं सांगणं झालं आहे. विरा रोयिक यांचं दफन सिम्फेरोपोलला झालं. जन्मगाव युक्रेनच्या ताब्यात, कबर रशियाच्या. मधे युद्धाची आघाडी. त्या गेल्या तेव्हा या युद्धातलं काहीच घडलेलं नव्हतं.

९.
कापड नीट नसेल तर बाकी सगळं वाया. मोजून भरायचं तर उभे आणि आडवे धागे इंचाला सारखे हवेत, नाहीतर फुली चपटी होते आणि चांदणी लांबट. तिकडे जवसाच्या आणि भांगेच्या वाखाचं घरी विणलेलं कापड असे. आपल्याकडची खादी सुंदर असते, पण बऱ्याचदा ताणा-बाणा सारखा नसतो. मी दुकानात भिंग आणि पट्टी घेऊन जाते, ताग्याच्या कडेला एक इंचात धागे मोजते आणि मगच घेते. दुकानदार आता काही विचारत नाहीत, स्टूल पुढे करतात.

या श्रावणात वर्गात मेरेझ्का घेणार आहे. हे रोयिकबाईंच्या पोल्तावाकडचं जाळीकाम. यात कापडातले आडवे धागे आधी उपसून काढायचे आणि उरलेल्या उभ्या धाग्यांचे चार-चारचे जुडगे बांधत जाळी करायची. चांगलं कापड मुद्दाम विरळ करायचं म्हटलं की मुलींचा हात पुढे होत नाही. म्हणून प्रत्येकीला आधी वीतभर खादीचा तुकडा देणार आहे. पहिल्या दिवशी सुई नाही, दोरा नाही. सुईच्या मागच्या टोकाऐवजी नखानं धागा सैल करायचा आणि न तोडता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, अख्खा बाहेर काढायचा. काकूही येणार आहेत. तागा मोजून आणलाय. उभे चौतीस, आडवे चौतीस.